टिटवीला मोटर बसवली तेव्हा

“कापलं?” बारापात्रे सर दुकानाच्या उंबऱ्यावरच थांबले. “खरंच कापलं तू?”

माझ्या उजव्या हातात करवतीचं पातं होतं आणि डाव्या हातात टिटवीचं नाक. नाही म्हणायची सोयच नव्हती.

“कापलं, सर.”

“मी चहा प्यायला काय गेलो, अन तू...”

“म्हणूनच कापलं. तुम्ही समोर असते तर कापू दिलं असतं का?”

सर आत आले, कूलरच्या तीन उघड्या मोटरी ओलांडून स्टुलावर बसले आणि त्यांनी ते नाक माझ्या हातातून घेतलं. बावीस वर्षं एरंडेल पिऊन पिऊन ते लाकूड काळं आणि तुपकट झालं होतं. सरांनी ते हुंगलं, डोळे मिटले. मला वाटलं, आता हा माणूस रडतो की काय.

“उखळात डोकं घातलंच आहे,” ते म्हणाले, “तर आता मुसळाला काय भ्यायचं. कर तुझ्या मनासारखं.”

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. टिटवी म्हणजे सरांचं विमान. साडेचार फूट पंखांचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं, वरून रेशमी कापड चढवून रोगण मारलेलं. कापड सरांच्या घरच्याच मागावरचं. आमच्या नागपूरच्या कोष्टी घरांत उरल्यासुरल्या तुकड्यांचं काय काय करतात, पण विमान फक्त सरांनी केलं. हल्ली लग्नात डोक्यावर घोंघावतात ती रिमोटवाली, हे तसलं नव्हे. हे तारेवरचं विमान. मैदानाच्या मधोमध माणूस उभा राहतो. त्याच्या हातात एक मूठ, आणि मुठीपासून विमानाच्या डाव्या पंखापर्यंत साठ फुटांच्या दोन बारीक पोलादी तारा. मूठ वर कलली की विमान वर, खाली कलली की खाली. विमान माणसाभोवती गोल फिरतं आणि माणूसही विमानासोबत जागच्या जागी फिरतो. ऐकताना घाण्याचा बैल आठवतो खरा. पण त्याच गोलात सर टिटवीला कोलांट्या मारायला लावायचे, उलटी उडवायचे, आकाशात आठाचा आकडा काढायचे, आणि बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागायचा.

सर एनसीसीच्या एअर विंगमध्ये पोरापोरींना विमानं बनवायला शिकवायचे. मी त्यांची शाळेतली शिष्या. पुढे वडिलांचं मोटर वायंडिंगचं दुकान माझ्या गळ्यात पडलं आणि बारा वर्षं मी मूठ धरली नव्हती. सर मात्र रिटायर झाल्यावरही दर रविवारी मैदानावर असायचे. पेन्शन होतं, घर होतं, लेक पुण्याला सुखात होता. पण रविवारचं मैदान काढून घेतलं असतं तर सर सोमवारी उठले असते की नाही, याची मला शंका आहे.

आणि मैदान हातचं चाललंच होतं. भिंतीला लागून एक नवीन प्रसूतिगृह झालं होतं. टिटवीचं इंजिन मिथेनॉल आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालायचं. ते सुरू झालं की आधी तीन गल्ल्यांतली कुत्री उठायची आणि मग बाळं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मैदानाच्या ट्रस्टला पत्र दिलं आणि ट्रस्टनं सरांना. येत्या रविवारी सकाळी साडेसातला आवाज न करणारं विमान पूर्ण उडवून दाखवा, नाहीतर त्या दिवसापासून उड्डाण बंद. वर्तुळाजवळ उडवणारा आणि एक मदतनीस, बाकी सगळे कुंपणाबाहेर. ते पत्र घेऊन सर सोमवारी माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, मोटर बसवू. सर म्हणाले, कूलरची? मग ते चहाला गेले आणि मी करवत काढली.

एप्रिल म्हणजे नागपुरात कूलर दुरुस्तीचा सीझन. गिऱ्हाइकं दारात उभी राहून शिव्या द्यायची. त्या आठवड्यात मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, “सोमवारी या.” लोक उकाड्यानं पेटले होते आणि मी आनंदानं.

मोटर कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी स्पर्धेसाठी आणलेली मोटर जाळून माझ्याकडे टाकली होती आणि पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं. मुठीएवढी मोटर, आत तारेचे बारा दात, बाहेरच्या वाटीला चौदा चुंबकं. जळकी तार उलगडून मी वेढे मोजले, थोडी जाड तार घेतली आणि नव्यानं भरायला बसले. दोनदा भरून उसवली. तिसऱ्यांदा वेढ्याला वेढा असा लागून बसला की माझी मीच दृष्ट काढावी. त्या पोरांना फोन करून दमात घेतलं, तर बॅटरी, वेग सांभाळणारं सर्किट आणि ठरलेल्या वेळी मोटर बंद करणारा छोटा टायमर घेऊन दोघं पळत आले.

नाकानं मात्र रडवलं. तेल मुरलेल्या लाकडाला नवं लाकूड चिकटेना. सकाळी चिकटवावं आणि दुपारी हातात यावं. शेवटी सरांनी खिशातून पावडरचा डबा काढला.

“हे काय, सर?”

“तुझ्या काकूचा आहे. सांगू नको.” त्यांनी कापलेल्या तोंडावर पावडर थापली. “पावडर तेल ओढते. झटक, पुन्हा लाव. दहा वेळा लाव. बाळाला लावते तशी.”

दहा नव्हे, सोळा वेळा लावली. मग डिंक धरला.

बुधवारी रात्री नऊला मोटर पहिल्यांदा फिरवली. टिटवीला शिकंज्यात बांधलं, बटण दाबलं आणि पंखा गरगरला. टेबलावरची सगळी बिलं समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली. सर हसायला लागले.

“योगिते, हे विमान मागं उडते का वं?”

जन्मभर कूलरच्या मोटरी भरल्या मी. कूलरचा पंखा वारा पुढे फेकतो, विमानाचा मागे. सवयीनं तारा तशाच जोडल्या होत्या. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली, पुन्हा बटण दाबलं आणि या वेळी बिलं माझ्या तोंडावर आली. सर टाळ्या वाजवत होते.

मग तोल. इंजिन आणि तेलाची टाकी गेली होती, मोटर आणि बॅटरी आली होती. सर पंखांखाली दोन बोटं लावून टिटवी उचलायचे आणि मी बॅटरी मागेपुढे सरकवायची.

“शेपूट जड.”

“आता?”

“नाक खाली.”

“आता?”

 टिटवी सरांच्या बोटांवर आडवी थांबली होती. मी पुन्हा “आता?” विचारलं तेव्हा ते टिटवीकडे बघत होते, माझ्याकडे नाही, आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. मी म्हटलं, माणूस खूश झाला की बहिरा होतो. तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

गुरुवारी पहाटे साडेपाचला मैदानावर गेलो. सर, मी आणि शकूकाकू. शकूकाकू म्हणजे सरांची बायको. गेली काही वर्षं त्या दर रविवारी मैदानावर यायच्या आणि वर्तुळाच्या बाहेर, सरांना समोर दिसेल अशा जागी, छत्री उघडून उभ्या राहायच्या. ऊन असो नसो. विमानं उडवणाऱ्या आमच्या क्लबातली पोट्टी त्यावरून चेष्टा करायची की काकूंना गोरं व्हायचं आहे. काकू कधी कुणाला उत्तर देत नसत.

मी टिटवी धरली, सरांनी मूठ. सरांनी मान हलवली. मी बटण दाबलं आणि विमान सोडून दिलं.

देवा, काय उडाली ती! धूर नाही, तेलाचे शिंतोडे नाहीत. नुसती सुंऽऽ करत हिरवळीवरून उठली, तारा ताठ झाल्या आणि एका दमात डोक्यावर चढली. एक कोलांटी. दुसरी. तिसरी. सर तिच्यासोबत गरागरा फिरत होते आणि चौसष्टीचा माणूस सोळाचा दिसत होता. मी बाहेर उड्या मारत होते. माझ्या वेढ्यांनी, माझ्या हातच्या तारेनं ते विमान आभाळात धरलं होतं. इतका अभिमान मला स्वतःचा कधी वाटला नाही.

टायमर साडेचार मिनिटांवर लावला होता. सरांना तसं सांगितलंही होतं. इंजिनाचं तेल संपत आलं की शेवटची काही सेकंद त्याचा सूर चढतो, म्हणजे उडवणाऱ्याला विमान सरळ करून खाली आणायला सवड मिळते. मोटर तसलं काही करत नाही. म्हणून चार मिनिटं वीस सेकंद होताच मी ओरडले, “सर, दहा सेकंद!”

सरांनी टिटवी उलटी केली.

“सर! बंद होणार! सरळ करा!”

तरी उलटीच. मी तिसऱ्यांदा घसा फाटेस्तोवर ओरडले. मोटर थांबली. टिटवी उलटी, जमिनीपासून दहा फुटांवर, आणि जीव गेलेली. तारा ढिल्या पडल्या. सर मागे मागे धावत सुटले, तारा ताणायला. त्यानं नाक वाचलं, पण उजव्या पंखाचं टोक घासत गेलं, कापड टरकन फाटलं आणि पंख्याचे दोन तुकडे झाले.

“सांगून बंद होत नाही का तुझी मोटर?” सर धापा टाकत माझ्यावर ओरडले.

“मी ओरडली न, सर! तीनदा ओरडली!”

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले.

“ऐकलं मी,” ते म्हणाले. “लक्ष नव्हतं माझं.”

शकूकाकू अजून तिथंच उभ्या होत्या, छत्री उघडीच. त्यांचा चेहरा असा झाला होता की चोरी त्यांनी केली आणि पकडलं दुसऱ्याला. मला काही कळलं नाही. मी फाटकी टिटवी उचलली आणि तावातावानं दुकानात आले. रविवार तीन दिवसांवर होता.

दुपारी एकला दुकानात काकू आल्या. रिक्षातून उतरल्या, काखेत टेबल फॅन.

“हा बघून दे वं.”

मी पीन लावली. पंखा लोण्यासारखा फिरला.

“काकू, हा तर चालते.”

“माहीत आहे मला.” त्यांनी मागे वळून रस्त्यावर कुणी नाही ना बघितलं. “योगिते, तुझ्या त्या मोटरीला थोडा आवाज दे न.”

“आवाज? अहो, आवाज नको म्हणून तर सगळं केलं!”

“थोडासा. शेवटी शेवटी. मला ऐकू येईल एवढाच.”

“तुम्हाला कशाला?”

काकू स्टुलावर बसल्या. पदरानं मान पुसली.

“त्यांना ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या.

मी हातातली पक्कड खाली ठेवली.

“तीन वर्षं झाली. आधी एक कान गेला, मग दुसरा. समोर बसून बोललं तर ओठांवरून समजून घेतात. इंजिनाचा सूर चढला की मी छत्री मिटते. छत्री मिटली की ते विमान सरळ करतात. आज सूरच चढला नाही तर मी काय मिटू?”

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. तोंडाकडे टक लावून बघणं. न आलेलं उत्तर. तीनदा ओरडले होते मी. आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की तोंड कुठं लपवू असं झालं. मी मोठ्या फुशारकीनं टिटवीचा आवाज काढून घेतला होता, आणि त्यासोबत या बाईच्या हातातलं कामही.

“मशीन काहून नाही लावत कानाला?”

“लावली की सगळ्यांना दिसेल म्हणतात. अन नियम त्यांचाच आहे न. तुम्हाला शिकवला नाही का?”

शिकवला होता. वर्तुळात कुणी चुकून शिरलं तर बाहेरून हाक मारतात, विमान तत्काळ वर न्यायचं. ज्याला हाक ऐकू येत नाही त्यानं मूठ धरायची नाही. सरांनी एका मुलाला नुसत्या सर्दीनं कान बसले म्हणून दोन रविवार बसवून ठेवलं होतं.

“तर मग काकू, सोपं आहे. रविवारी तुम्ही कुंपणाबाहेर असाल, मदतनीस मी आहे. छत्री मी धरते. घड्याळ बघून मिटते.”

“अन मग त्यांना कळेल की तुला कळलं.” काकूंनी मान हलवली. “मैदान गेलं तर जगतील ते. कसंही. पण एका शिष्येला कळलं अन तिनं सांभाळून घेतलं, हे नाही झेपायचं त्यांना. तू त्यांना कळू न देता काही कर.”

पंखा तिथंच ठेवून त्या गेल्या. नेला असता तर सरांनी विचारलं असतं, दुरुस्त झाला का म्हणून.

मी रात्रभर विचार केला. डोळे विमानावर असतात, कान गेलेले. मग उरतं काय? उरतो हात. मूठ धरलेल्या माणसाला विमान हातात कळतं, वारा कळतो, तोल कळतो. मोटरीनं हातालाच सांगितलं तर? शुक्रवारी मोटर जाळणाऱ्या पोरांना पुन्हा बोलावलं. टायमरचा प्रोग्राम त्यांनी बदलला, फाटका पंख जोडून नवा पंखा मी बसवला. आता बंद होण्याआधी पंधरा सेकंद मोटर तीनदा अर्धा अर्धा सेकंद दम सोडणार होती. विमान तीनदा दचकणार. पण ते दचकणं साठ फूट तारेतून हातात पोचेल की नाही, हे उडवल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि सरांना सांगून उडवायची सोय नव्हती.

शनिवारी पहाटे काकू देवळात जाते म्हणून घरून निघाल्या आणि मैदानावर आल्या. टिटवी त्यांनी धरली. मूठ बारा वर्षांनी माझ्या हातात.

“सोडू का वं?”

“सोडा!”

खांदा हिसकला. मी विसरलेच होते, किती जोरात ओढतं ते. डोकं गरगरलं, पण मी कोलांट्यांच्या भानगडीत न पडता तिला सरळ गोल गोल ठेवली. फेरी, फेरी, फेरी. मी तोंडानं सेकंद मोजत होते. आणि चार मिनिटं पंधराला तारेतून माझ्या तळहातात आलं. धप. धप. धप. दारावर कुणी टकटक करावं तसं स्पष्ट. मी ओरडले की किंचाळले, आठवत नाही. टिटवी घरंगळत गवतावर टेकली.

काकू धावत आल्या. “आलं का हातात?”

“आलं! तीनही आले!”

“कसं वाटते वं? हातात?”

“ओढते काकू. जिवंत वाटते.”

काकूंनी माझ्या तळहाताकडे बघितलं, मग टिटवीवरचं गवत झटकलं.

दुपारी सर आले तेव्हा मी नीट त्यांच्या समोर बसले आणि तोंड सावकाश हलवत थाप मारली.

“सर, ही मोटर बंद होण्याआधी तीनदा दचकते. हातात कळेल. मग पंधरा सेकंद राहतात.”

“परवा नव्हती दचकत.”

“तेव्हा सेटिंग राहिलं होतं. नव्या मोटरी दचकतातच.”

सर माझ्या ओठांकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ.

“बरं,” ते म्हणाले.

रविवारी साडेसातला कुंपणाबाहेर ट्रस्टची पाच माणसं होती, क्लबची सात-आठ पोट्टी, आणि पांढऱ्या कोटात डॉक्टर खानझोडे, ज्यांनी पत्र दिलं होतं. काकू एका कोपऱ्यात उभ्या. सरांना तिथून त्या दिसतही नसतील. बॅटरीची पीन दुसऱ्या खेपेला लागली.

सरांनी मान हलवली. मी सोडलं.

त्या दिवशीचं उड्डाण मी अजून डोळे मिटून बघू शकते. तीन कोलांट्या सरळ, तीन उलट्या, एकाच गोलावर, जणू आधी आखून ठेवला होता. मग चौकोनी वळणं. मग आडवा आठ. पोट्ट्यांनी श्वास धरलेले. सगळ्या मैदानावर नुसती ती सुंऽऽ आणि सरांच्या बुटांचा गवतावरचा आवाज. चार मिनिटं. सरांनी टिटवी उलटी केली. मी घड्याळ बघत होते. दहा. बारा. काकूंनी दोन्ही हातांनी कुंपणाची जाळी धरली होती. पंधरा!

टिटवी दचकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि सरांनी मूठ फिरवली. उलटी टिटवी अर्ध्या वळणात सुलटी झाली, दोन फेऱ्या सरळ गेली, मोटर थांबली आणि ती सरांभोवती अर्धा गोल तरंगत येऊन टेकली. पोट्टे कुंपणावर चढून ओरडले. मी मैदानात फुगडी घालणार होते, घालायला कुणी नव्हतं म्हणून राहिली.

ट्रस्टची माणसं आत आली, मागोमाग डॉक्टर आल्या. ट्रस्टच्या अध्यक्षांच्या हातात कागद होता.

“छान झालं, सर. आता हे लिहून द्या,” ते म्हणाले. “विमानाच्या आवाजाचा त्रास होत नाही असं उडवणाऱ्याचं निवेदन लागते. तुम्ही अगदी मधोमध होते. तुमच्याइतकं जवळून कुणी ऐकलं नाही.”

सरांनी पेन घेतलं. माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता. एक सही, आणि मैदान आमचं. सरांनी पेन कागदावर टेकवलं आणि मग पुन्हा उचललं.

“नाही देऊ शकत,” ते म्हणाले.

“काहून?”

“मला ऐकू येत नाही.” सर मोठ्यानं बोलले, मैदानभर ऐकू जाईल असं. त्यांना कुठं ठाऊक होतं किती मोठ्यानं. “तीन वर्षं झाली. आवाज झाला की नाही, मला काय विचारता? खोटी सही नाही करत मी.”

 पोट्टे कुंपणावरच थांबले. मी सरांकडे बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते.

“अन तू वं,” ते म्हणाले, “दचकणारी मोटर कोणती कंपनी काढते ते सांगशील मला कधीतरी.”

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम.

“मग थांबायची वेळ झाली हे तुम्हाला कसं कळलं?” डॉक्टर खानझोड्यांनी त्यांच्या समोर येऊन विचारलं.

सरांनी उजवा तळहात उघडून दाखवला. “इथं.” मग अध्यक्षांकडे वळले. “नियम मीच केला आहे. ज्याला हाक ऐकू येत नाही त्यानं मूठ धरायची नाही. आजपर्यंत बायकोच्या भरवशावर धरली, सगळ्यांपासून लपवून. चूक केली मी. आवाजाचं काय ते तिलाच विचारा. शकू!”

काकू आल्या. आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर कुणी त्यांना काही विचारत होतं. त्यांनी पदर नीट केला.

“आवाज होते,” त्या म्हणाल्या. “घरात पंखा फिरते तेवढा. बाळ उठायचं नाही त्यानं. बाळ उठेल ते या पोट्ट्यांच्या ओरडण्यानं.”

डॉक्टर हसल्या. त्यांनी अध्यक्षांच्या हातातून कागद घेतला, मागच्या बाजूला स्वतःच दोन ओळी लिहिल्या आणि सही ठोकली. “माझी तक्रार मिटली. फक्त यांच्याजवळ मधोमध एक ऐकणारं माणूस उभं राहू द्या. मग कुणी हाक मारली तर प्रश्न नाही.” अध्यक्षांनी मान डोलावली. मैदान राहिलं. सरांना हे सगळं ओठांवरून समजायला थोडा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ते मटकन गवतावर बसले.

“दुसरी बॅटरी आहे का वं?” त्यांनी मला विचारलं.

“आहे न!”

“मग लाव. शकू, चल मधोमध. आता तू माझ्यासोबत उभी राहशील.”

“उभी कशाला राहू?” काकू म्हणाल्या. “तीन वर्षं उभीच होती. मूठ द्या इकडं.”

सरांनी विचारलं, “काय?” त्यांना वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. काकूंनी बोलणं सोडलं आणि सरळ त्यांच्या हातातली मूठ काढून घेतली.

सर त्यांच्या मागे उभे राहिले, मुठीवर काकूंच्या हातावर आपला हात. मी सोडलं. टिटवी उठली, तारा ताठ झाल्या, आणि दोघं मधोमध फिरू लागले, लुगडं आणि पँट, एकमेकांना धडकत, सांभाळत. पहिल्या फेरीत काकू किंचाळल्या. दुसरीत हसल्या. पोट्टे टाळ्या पिटत होते. सरांचा चेहरा काकूंच्या डोक्यामागे, डोळे विमानावर.

तिसऱ्या फेरीला काकू काहीतरी ओरडायला लागल्या. सारख्या तेच तेच. कुंपणापर्यंत सगळ्यांना ऐकू येत होतं, फक्त त्यांच्या कानाशी उभ्या असलेल्या माणसाला नाही. काकूंचे ओठही सरांना दिसत नव्हते. पण हाताखालचा हात ओढून काढायची धडपड त्यांना कळली असावी, कारण फिरता फिरता सरांनी मोठ्यानं मला विचारलं, “योगिते! काय म्हणून राहिली वं ही?”

“हात सोडा म्हणते!” मी ओरडले. मग आठवलं. पुढच्या फेरीला सर माझ्याकडे तोंड करून आले तेव्हा मी दोन्ही हात समोर धरले, एकावर एक, आणि वरचा हात उचलून बाजूला केला.

सरांनी ते पाहिलं. आणखी एक अख्खी फेरी त्यांनी हात तसाच ठेवला. मग सोडला आणि ते खाली वाकून गवतावर बसले, डोक्यावरून तारा जाव्यात म्हणून. टिटवी एकदा खाली गेली, एकदा वर, आणि मग काकूंच्या एकटीच्या हातात सरळ उडायला लागली.